लो-नॉइज ट्रान्झिस्टर बदलला तरी खरखर परत का येते?

तक्रार बहुतेक वेळा एकाच प्रकारची असते. १९७० च्या दशकातला अँप्लिफायर, टेपडेक किंवा डिस्टॉर्शन मीटर. एका चॅनेलमधून अधूनमधून तडतड, तिच्यामागे सतत ‘सूं’ असा आवाज. सर्किट बघून पहिल्या स्टेजचे (सिग्नल सर्वात आधी वाढवणाऱ्या टप्प्याचे) ट्रान्झिस्टर बदलले की काही आठवडे शांतता आणि मग पुन्हा तेच. काही वेळा तर नवे ट्रान्झिस्टर बसवताक्षणीच आवाज आधीपेक्षा वाढतो. त्यानंतर जुन्या साठ्यातले ‘अस्सल’ नंबर शोधण्याची धडपड सुरू होते.

अशा केसमध्ये बदललेला ट्रान्झिस्टर क्वचितच जन्मतः खराब असतो. चुकीची स्टेज बदललेली असते, पाय चुकीच्या क्रमाने लागलेले असतात, नाहीतर सर्किटच दर वेळी चालू-बंद करताना त्या ट्रान्झिस्टरला मारत असतं. हे तपासल्याशिवाय तिसऱ्यांदा सोल्डरिंग आयर्न गरम करू नका. जुन्या बोर्डावरचे ट्रॅक दोन-तीन वेळा तापवले की उखडतात आणि मग दुरुस्तीचं काम दुप्पट होतं.

आधी आवाज ओळखा

इनपुट शॉर्ट करा. फोनो (रेकॉर्ड प्लेअरचं) इनपुट असेल तर शॉर्टिंग प्लग लावा, कारण उघडं इनपुट स्वतःच आवाज करतं. स्पीकर काढून ८ ओहमचा डमी लोड (स्पीकरऐवजीचा रेझिस्टर) लावा आणि आउटपुट ऑसिलोस्कोपवर, म्हणजे स्कोपवर बघा किंवा हेडफोनवर ऐका.

एकसारखा, न बदलणारा ‘सूं’ हा थर्मल आणि शॉट नॉइज आहे. तो कधीच शून्य होत नाही. १ किलोओहमचा कोणताही रेझिस्टर खोलीच्या तापमानाला सुमारे ४ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ एवढा आवाज करतोच. २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तो ०.५७ मायक्रोव्होल्ट होतो. ५ मिलिव्होल्ट देणाऱ्या रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजच्या तुलनेत हे जेमतेम ७९ डेसिबल खाली. व्हॉल्यूम पूर्ण वाढवल्यावर असा सूं ऐकू येत असेल आणि दोन्ही चॅनेलमध्ये सारखाच असेल, तर तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

दाण्यांच्या लाह्या फुटाव्यात तसा ‘टप... टप-टप’ आवाज आणि स्कोपवर पायऱ्यांसारख्या दोन पातळ्यांमध्ये उड्या दिसत असतील, तर तो बर्स्ट नॉइज. पॉपकॉर्न नॉइज हे त्याचं रूढ नाव. ट्रान्झिस्टरच्या बेस, एमिटर आणि कलेक्टर या तीन टोकांपैकी बेस-एमिटर जंक्शनजवळच्या स्फटिकातल्या दोषांमुळे किंवा अशुद्धतेमुळे तो येतो. एकेक पातळी काही मिलिसेकंदांपासून काही सेकंदांपर्यंत टिकते. इथे ट्रान्झिस्टरवर संशय घेणं योग्य आहे. घरघर, म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सीला वाढत जाणारा आवाज असेल, तर ट्रान्झिस्टर आणि रेझिस्टर दोघेही संशयित. टोकदार, अनियमित करकर आणि बोर्डावर लाकडी काडीने टकटक केल्यावर ती बदलत असेल, तर आधी ड्राय सोल्डर (नीट न धरलेले सांधे), स्विच आणि कनेक्टर बघा.

कोणती स्टेज?

व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर आवाज गेला तर दोष पॉटच्या (व्हॉल्यूमच्या फिरत्या रेझिस्टरच्या) आधी आहे, तसाच राहिला तर नंतर. ही चाचणी सगळ्यांना माहीत असते, पण टोन कंट्रोल, बॅलन्स आणि टेप मॉनिटर वेगवेगळे फिरवून बघायचा कंटाळा केला जातो. प्रत्येक कंट्रोल हा सर्किटला पाडलेला एक छेद आहे, तो वापरा. प्री-आउट आणि मेन-इन असे जॅक असतील तर दोन्ही चॅनेलची अदलाबदल करा. आवाज चॅनेल बदलतो की नाही, एवढ्यावरून अर्धं सर्किट सुटतं.

पुढे स्टेजनिहाय जायचं तर कपॅसिटरने सिग्नल जमिनीला नेऊन बघा. १० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा कपॅसिटर घ्या, त्याचं एक टोक ग्राउंडला क्लिप करा आणि दुसरं टोक तपासायच्या बेसला लावा. थेट लावू नका. आधी १० किलोओहम रेझिस्टरमधून एक-दोन सेकंद चार्ज होऊ द्या आणि मग रेझिस्टर ओलांडून थेट जोडा. रिकामा कपॅसिटर बेसला चिकटवला की क्षणभर बेस ग्राउंडला ओढला जातो आणि डीसी-कपल्ड (स्टेजमध्ये कपॅसिटर नसलेल्या) पॉवर अँपमध्ये तेवढ्या झटक्यात आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतात. पोलॅरिटीही बघा. बेस ग्राउंडपेक्षा निगेटिव्ह असेल तर कपॅसिटर उलटा लागेल. कपॅसिटर लावल्यावर आवाज थांबला तर दोष त्या बेसच्या आधी किंवा त्याच बेसच्या जंक्शनमध्ये आहे. चालूच राहिला तर पुढच्या स्टेजकडे जा. पॉवर अँपच्या डिफरन्शियल पेअरवर (एका ट्रान्झिस्टरला सिग्नल, दुसऱ्याला आउटपुटचा फीडबॅक घेणाऱ्या जोडीवर) फीडबॅक बाजूच्या बेसला हा प्रयोग करू नका, कारण तिथे पूर्ण अँपचा गेनच बदलतो आणि निष्कर्ष फसतो.

फ्रीझ स्प्रे उपयोगी आहे, पण बारीक नळीतून एकाच ट्रान्झिस्टरवर, अर्धा सेकंद. जास्त मारला की दव साचतं आणि हाय-इम्पिडन्स जागेवर ते दव स्वतःच करकर करतं. गार केल्यावर आवाज थांबला किंवा एकदम भडकला, तर तो ट्रान्झिस्टर खात्रीने संशयित. डिफरन्शियल पेअरमधला एकच ट्रान्झिस्टर गार केला तर आउटपुटला डीसी ऑफसेट येतो. म्हणूनच स्पीकर आधी काढायचे.

टेस्ट उपकरणांसाठी एक वेगळी सूचना. टेक्ट्रॉनिक्स ४६५ सारख्या स्कोपमध्ये अनेक ट्रान्झिस्टर सॉकेटमध्ये बसवलेले असतात. तिथे बदलाबदली करण्याआधी ट्रान्झिस्टर हलक्या हाताने बाहेर काढा, पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि दोन-तीन वेळा आत-बाहेर करून त्याच सॉकेटमध्ये, त्याच दिशेने परत बसवा. काळवंडलेल्या संपर्कामुळे येणारी करकर एवढ्यानेच जाते. मात्र दोन सॉकेटमधले ट्रान्झिस्टर एकमेकांत मिसळू देऊ नका, कारण कॅलिब्रेशन त्या-त्या नगावर झालेलं असतं.

जुने बदनाम नंबर

काही नंबर बोर्डावर दिसले की थांबावं. जपानी सेटमधले २एससी४५८ आणि २एसए७२६ यांचं नाव आवाजाच्या तक्रारीत नेहमी येतं. अंगावर सुरुवातीचं ‘२एस’ छापलेलं नसतं, फक्त सी४५८, ए७२६ असं दिसतं. त्यांचे पाय काळे पडलेले असतील तर चांदीच्या मुलाम्यावर गंधकाचा परिणाम झाला आहे. पाय घासून चकचकीत केल्याने आतला आवाज जात नाही. असे ट्रान्झिस्टर पहिल्या एक-दोन स्टेजमध्ये असतील तर दोन्ही चॅनेलमधले एकदम बदला. एका चॅनेलचा आज ओरडतोय तर दुसऱ्याचं वयही तेवढंच आहे. पण त्याच नंबरचा ट्रान्झिस्टर रिले ड्रायव्हर किंवा मीटर सर्किटमध्ये बसला असेल आणि नीट चालत असेल, तर त्याला हात लावायची गरज नाही. तिथल्या आवाजाने काही बिघडत नाही.

जर्मेनियम काळातल्या एएफ११४ ते एएफ११७ या मालिकेची गोष्ट निराळी. त्यांच्या धातूच्या कवचाच्या आत कथिलाचे केसासारखे बारीक तंतू वाढतात आणि कवचाला शॉर्ट करतात. चौथा पाय, म्हणजे शिल्डचा, ग्राउंडपासून कापल्यावर बरेच नग पुन्हा चालू लागतात.

ट्रान्झिस्टरला मारतं कोण?

खरखर काही आठवड्यांनी परत येते, तेव्हा सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहणारं कारण हे आहे.

छोट्या सिग्नलच्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरमध्ये बेस-एमिटर जंक्शनची उलटी सहनशक्ती फार कमी असते. डेटाशीटवर ती बहुधा ५ व्होल्ट दिलेली असते आणि प्रत्यक्षात ६ ते ८ व्होल्टच्या आसपास जंक्शन अॅव्हलांशमध्ये जातं, म्हणजे उलट दिशेने एकदम करंट वाहू देतं. त्याने ट्रान्झिस्टर मरत नाही. मेला असता तर दोष लगेच सापडला असता. होतं असं, की प्रत्येक अॅव्हलांश झटक्यात जंक्शनच्या पृष्ठभागाचं थोडं नुकसान होतं. कमी करंटला हायएफई (ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो तो आकडा) घटतो आणि खालच्या फ्रिक्वेन्सीचा आवाज वाढतो. मल्टीमीटरच्या हायएफई सॉकेटमध्ये तो ट्रान्झिस्टर ठणठणीत दिसतो, कारण ते मोजमाप काही मिलिअँप करंटला होतं. नुकसान दिसतं ते १०० मायक्रोअँपच्या खाली. आणि पहिली स्टेज नेमकी तिथेच चालते.

हा उलटा झटका येतो कुठून? नेहमीचा मार्ग एमिटरच्या बायपास कपॅसिटरचा. समजा एमिटर ८ व्होल्टवर आहे आणि त्याला १०० मायक्रोफॅरड लावलाय. सेट बंद केला की बेसचं बायस (स्थिर डीसी पातळी) लगेच खाली येतं, पण तो कपॅसिटर एमिटरला वर धरून ठेवतो. बेस शून्यावर, एमिटर ८ वर. झाला अॅव्हलांश, दर वेळी बंद करताना. दुसरा मार्ग इनपुट किंवा इंटरस्टेज कपलिंग कपॅसिटरचा: आधीच्या स्टेजची कलेक्टर पातळी अचानक २० व्होल्टने कोसळते आणि कपॅसिटर तो सगळा धक्का पुढच्या बेसला निगेटिव्ह म्हणून देतो. तिसरा मार्ग आपल्याच हातातला. जुन्या अॅनॉलॉग मल्टीमीटरच्या ×१० के रेंजमध्ये ९ व्होल्ट किंवा त्याहून मोठी बॅटरी असते. त्या रेंजवर बेस-एमिटर उलटं तपासलं तर करंट लहान असला तरी जंक्शन अॅव्हलांशमध्ये जाऊ शकतं. लो-नॉइज ट्रान्झिस्टर त्या रेंजवर कधीही तपासू नका. डिजिटल मीटरची डायोड रेंज पुरेशी आहे.

तपासायला स्कोपचे दोन प्रोब लागतात. चॅनेल ए बेसवर, चॅनेल बी एमिटरवर, बी उलटा करून बेरीज घ्या. स्वीप सिंगल-शॉटवर ठेवा, १०० ते २०० मिलिसेकंद प्रति डिव्हिजन. आता सेट चालू करा, बंद करा, इनपुट सिलेक्टर फिरवा. एनपीएन ट्रान्झिस्टरमध्ये बेस-एमिटर फरक -४ व्होल्टच्या खाली गेला तर कारण सापडलं.

उपाय एका १एन४१४८ डायोडचा. एनपीएनसाठी अॅनोड एमिटरला, कॅथोड बेसला; पीएनपीसाठी उलट. उलटा व्होल्टेज ०.६ वर अडकतो आणि नेहमीच्या कामात डायोड बंदच असतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. डायोडची काही पिकोफॅरड कपॅसिटन्स इनपुटला जोडली जाते, फोनो स्टेजमध्ये ती खपून जाते. दुसरी गोष्ट जास्त फसवी: काचेच्या १एन४१४८ वर प्रकाश पडला की त्यातून फोटो-करंट वाहतो. ट्यूबलाइट किंवा बल्बखाली उघडा सेट तपासताना मेन्सच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचा हम येतो, झाकण लावल्यावर जातो आणि माणूस तासभर ग्राउंड लूप शोधत बसतो. डायोडवर काळी हीटश्रिंक चढवा.

शेजारी चोर, शिक्षा ट्रान्झिस्टरला

ट्रान्झिस्टर बदलण्याआधी त्याच्या आजूबाजूचे चार-पाच भाग बघून घ्या. कलेक्टर लोडचा जुना कार्बन रेझिस्टर हा सर्वात मोठा संशयित. कार्बन कॉम्पोझिशनमध्ये डीसी व्होल्टेज पडलं की थर्मलच्या वर आणखी आवाज तयार होतो आणि तो व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो. कलेक्टर लोडवर १५–२० व्होल्ट पडलेले असतात, म्हणून तिथला रेझिस्टर पहिला बदला. बेसला ग्राउंडकडे नेणारा, ज्यावर जवळपास काहीच डीसी नाही, तो नंतर. १ टक्का मेटल फिल्म घाला, जागा असेल तर अर्ध्या वॉटचा.

इनपुटचा इलेक्ट्रोलिटिक गळत असेल तर गळतीचा करंटही खडखडतो. पॉट फिरवताना खरखर आणि पॉटवर काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त डीसी दिसत असेल, तर पॉट साफ करण्याआधी तो कपॅसिटर बदला. त्या काळातल्या टँटॅलमवरही विश्वास नको. मोठ्या कपॅसिटरखाली लावलेला डिंक तपकिरी, कडक झाला असेल तर तो खरवडून काढा. ताजा असताना तो इन्सुलेटर असतो, वय झाल्यावर करंट वाहू देतो आणि तांब्याचे पायही खातो. प्रीअँपच्या सप्लायमध्ये ६ व्होल्टच्या वरचा झेनर असेल तर तोही अॅव्हलांशवरच चालतो. त्याच्यानंतर १ किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरडचा फिल्टर आहे का, ते बघा.

पायांचा क्रम: सर्वात महागडी चूक

सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरून डावीकडून वाचा. जुने जपानी आणि त्यांचे आजचे वारस, म्हणजे २एससी१८४५, केएससी१८४५, केएसए९९२, २एससी२२४०, यांचा क्रम एमिटर-कलेक्टर-बेस. युरोपीय बीसी५५० आणि बीसी५६० कलेक्टर-बेस-एमिटर. अमेरिकन २एन५०८९ आणि २एन५०८७ एमिटर-बेस-कलेक्टर. तिन्ही एकाच टीओ-९२ आकारात.

जपानी बोर्डावर बीसी५५० घालायचा तर तो उलटा फिरवून भागत नाही. फिरवला की एमिटर-बेस-कलेक्टर होतो, पण बोर्डाला एमिटर-कलेक्टर-बेस हवं असतं. बेस आणि कलेक्टरचे पाय एकमेकांवरून ओलांडावे लागतात. मधल्या पायावर स्लीव्ह घाला.

आता यातला खरा सापळा. कलेक्टर आणि एमिटर उलटे लागले तरी ट्रान्झिस्टर काही प्रमाणात चालतो. हायएफई ४०० ऐवजी एक आकडी होतो, आवाज बारीक येतो, बायस जरा हललेलं दिसतं, पण सेट ‘चालतो’. दरम्यान कलेक्टरच्या जागी बसलेल्या एमिटरवर ७–८ व्होल्टच्या वर काही आलं की जंक्शन अॅव्हलांशमध्ये. नवा ट्रान्झिस्टर घातल्याबरोबर आवाज वाढला, या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं. चूक कळल्यावर तोच नग सरळ करून लावू नका. जंक्शन मार खाऊन झालेलं असतं, नवा घ्या.

पर्याय निवडताना

‘सर्वात लो-नॉइज’ असा कोणताही ट्रान्झिस्टर नसतो. आवाज दोन भागांचा: एक व्होल्टेजचा, जो बेसच्या अंतर्गत रेझिस्टन्सवर आणि कलेक्टर करंटवर अवलंबून असतो, आणि एक बेस करंटचा, जो सोर्सच्या रेझिस्टन्समधून वाहून व्होल्टेज बनतो. करंट वाढवला की पहिला कमी होतो, दुसरा वाढतो.

एक हिशेब करून बघा. कलेक्टर करंट १०० मायक्रोअँप आणि हायएफई ४०० असेल तर बेस करंट ०.२५ मायक्रोअँप. त्याचा शॉट नॉइज सुमारे ०.२८ पिकोअँप प्रति रूट हर्ट्झ. व्होल्टेज नॉइज, बेसचा रेझिस्टन्स सोडून, सुमारे १.४ नॅनोव्होल्ट. एकाला दुसऱ्याने भागलं की ५ किलोओहम येतं. म्हणजे या करंटला तो ट्रान्झिस्टर ५ किलोओहमच्या आसपासच्या सोर्सला सर्वात शांत. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा डीसी रेझिस्टन्स जरी ५०० ते १००० ओहम असला तरी ५०० मिलिहेन्री इंडक्टन्समुळे १० किलोहर्ट्झला इम्पिडन्स ३१ किलोओहमवर जातो. म्हणून जुन्या डिझाइनमध्ये पहिली स्टेज ५०–१०० मायक्रोअँपवर ठेवलेली दिसते. करंट वाढवून ‘सुधारणा’ करायला गेलात तर वरच्या पट्टीत सूं वाढेल. १० ओहमच्या मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजला मात्र उलट हवं: जास्त करंट आणि बेसचा कमी रेझिस्टन्स.

यातून निवड सोपी होते. फोनो, टेप हेड, माइक आणि डिफरन्शियल पेअर यांच्यासाठी केएससी१८४५ आणि त्याचा जोडीदार केएसए९९२. १२० व्होल्ट, एमिटर-कलेक्टर-बेस, आणि हायएफई १०० मायक्रोअँपलाही टिकून राहणारा. रँक बघून घ्या: पी २०० ते ४००, एफ ३०० ते ६००, ई ४०० ते ८००. जुन्या सेटमध्ये एफ बहुधा चपखल बसतो. बीसी५५०सी शांत आहे, हायएफई ४२० ते ८००, पण ४५ व्होल्टचा. ±४० व्होल्टच्या पॉवर अँपच्या इनपुट पेअरवर तो काठावर येतो. तिथे नको. एफईटी इनपुटवर २एसके१७० असेल तर आयडीएसएस (गेट सोर्सला जोडल्यावर वाहणारा करंट) रँक जुळवा: जीआर २.६ ते ६.५, बीएल ६ ते १२, व्ही १० ते २० मिलिअँप. आजचा पर्याय एलएसके१७०.

टेस्ट उपकरणात अंगावर कंपनीचाच नंबर असतो. टेक्ट्रॉनिक्सचे ट्रान्झिस्टर १५१- ने सुरू होतात, उदाहरणार्थ १५१-०१९०-०० म्हणजे २एन३९०४ जातीचा. एचपीमध्ये १८५४- म्हणजे एनपीएन, १८५३- म्हणजे पीएनपी, १८५५- एफईटी. यातले काही नुसते नाव बदललेले, काही मात्र निवडून घेतलेले असतात. म्हणून मॅन्युअलच्या पार्ट लिस्टमध्ये वर्णन वाचल्याशिवाय साधा नंबर घालू नका.

घालण्याआधी ऐकून घ्या

दहा-वीस नगांमधून चार शांत निवडण्यासाठी छोटं जिग पुरतं. दोन ९ व्होल्ट बॅटऱ्या, म्हणजे ±९. एनपीएनसाठी: एमिटरपासून -९ ला ८.२ किलोओहम, त्यामुळे करंट साधारण १ मिलिअँप. एमिटरपासून ग्राउंडला १००० मायक्रोफॅरड, पॉझिटिव्ह टोक ग्राउंडकडे, कारण एमिटर -०.६ वर असतो. कलेक्टरला ४.७ किलोओहम, पण +९ पासून थेट नाही. मध्ये ४७० ओहम आणि ४७० मायक्रोफॅरडचा फिल्टर. बेस एका स्विचने तीन जागी: थेट ग्राउंड, १० किलोओहममधून ग्राउंड, १०० किलोओहममधून ग्राउंड. बेसला कपॅसिटर नाही, म्हणजे त्याच्या गळतीची भानगड नाही.

कलेक्टरपासून १ मायक्रोफॅरड फिल्म कपॅसिटरने एनई५५३४ च्या नॉन-इन्व्हर्टिंग इनपुटला. तिथून ग्राउंडला १०० किलोओहम. फीडबॅक १०० किलोओहम, खालचा १ किलोओहम आणि त्याच्या सिरीजमध्ये १०० मायक्रोफॅरड. तो कपॅसिटर विसरलात तर बायस करंटचा ऑफसेट शंभरपट होऊन आउटपुट रेलला (सप्लायच्या टोकाला) जाऊन चिकटू शकेल. सगळं पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि डबा ग्राउंड करा. पीएनपीसाठी बॅटऱ्या आणि इलेक्ट्रोलिटिक उलटे. ऑप-अँपचे सप्लाय पाय मात्र तेच राहतात, ते चुकून उलटू नका.

एकूण गेन साधारण १८,००० येतो. २० किलोहर्ट्झ पट्ट्यात चांगल्या ट्रान्झिस्टरला बेस १० किलोओहमवर असताना सुमारे ४० मिलिव्होल्ट आणि थेट ग्राउंडला असताना ३–४ मिलिव्होल्ट दिसतील. पण आकड्यापेक्षा तुलना जास्त बोलते. १० किलोओहमला एखादा नग बाकीच्यांच्या दीडपट असेल तर बाजूला काढा. मग १०० किलोओहमला टाका आणि पाच मिनिटं ऐका. बर्स्ट नॉइज हा बेस करंटमधला असल्यामुळे मोठ्या रेझिस्टरवर तो उघडा पडतो, थेट ग्राउंडला लपतो. नुसतं शॉर्ट करून ‘शांत आहे’ म्हणणं इथेच चुकतं.

नकली माल ओळखायलाही याच टेबलावर दोन चाचण्या होतात. अस्सल १८४५ चा हायएफई ०.१ आणि १ मिलिअँपला जवळपास सारखा असतो. एखाद्या नगात ०.१ ला अर्धाच निघाला तर तो नाव बदललेला किंवा मार खाल्लेला. दुसरी चाचणी व्होल्टेजची: १२० व्होल्ट डीसी, सिरीजमध्ये १ मेगओहम, बेस उघडा, कलेक्टर-एमिटरवर मीटर. १२० व्होल्टचा म्हणून विकलेला ट्रान्झिस्टर ६०–७० वर थांबला तर ती पिशवी परत करा. करंट १ मेगओहमने बांधलेला असल्यामुळे नगाला इजा होत नाही, पण तुमच्या बोटांसाठी १२० व्होल्ट धोक्याचेच आहेत. एका हाताने काम करा.

बसवताना आणि बसवल्यावर

डिफरन्शियल पेअरसाठी हायएफई १० टक्क्यांच्या आत आणि बेस-एमिटर व्होल्टेज २ मिलिव्होल्टच्या आत जुळवा. मोजताना बोट लावू नका. एका अंश सेल्सिअसला २ मिलिव्होल्ट सरकतात आणि बोटाची ऊब एवढी मेहनत फुकट घालवते. जुळलेली जोडी सपाट बाजू एकमेकींना लावून, मध्ये थर्मल पेस्ट घालून हीटश्रिंकमध्ये बांधा. सपाट बाजू समोरासमोर आल्या की एकाच्या पायांचा क्रम आरशातल्यासारखा उलटतो, म्हणून बोर्डाची भोकं परत एकदा वाचा.

जुना ट्रान्झिस्टर काढताना पाय आधी कापा, मग एकेक पाय ओढा. ३२०–३३० अंश आणि प्रत्येक जागी तीन सेकंद पुरे.

पहिल्यांदा सप्लाय देताना सिरीज बल्ब लावा. ऑफसेट ५० मिलिव्होल्टच्या आत आहे का, बघा. नंतर आउटपुट स्कोपवर १ मायक्रोसेकंद प्रति डिव्हिजनला तपासा. नव्या ट्रान्झिस्टरची फ्रिक्वेन्सी मर्यादा आणि कपॅसिटन्स वेगळी असल्याने काही मेगाहर्ट्झला ऑसिलेशन येऊ शकतं. कानाला ते ऐकू येत नाही, पण सूं वाढलेला, बायस हललेलं आणि आउटपुट ट्रान्झिस्टर विनाकारण गरम, अशी लक्षणं दिसतात. बेसमध्ये ४७ ते १०० ओहम घातल्यावर बहुधा थांबतं. १०० ओहमचा स्वतःचा आवाज १.३ नॅनोव्होल्ट आहे. मूव्हिंग मॅग्नेटला तो जाणवणार नाही, मूव्हिंग कॉइलला जाणवेल. तिथे फेराइट मणी वापरा.

शेवटी आठ तास चालू ठेवून थंड आणि गरम दोन्ही अवस्थांत ऐका, आणि मधे किमान वीस वेळा चालू-बंद करा. बर्स्ट नॉइज कधी थंड, तर कधी गरम अवस्थेतच उगवतो आणि उलट्या झटक्याचं नुकसान चालू-बंद करताना साचतं. एकदाच चालू करून तासभर गाणी ऐकली तर दोन्ही निसटतात.